झुला खाली होता काय?

आमच्या पवनीतल्या जुन्या बगीच्यात तुम्ही बाकावर टेकलात, की घाम पुसायच्या आत सोमाजीभाऊ शेजारी हजर. मोबाइल तुमच्या तोंडासमोर धरणार, तोही उलटा, आणि म्हणणार, "सांगा जी, या बगीच्यातलं काय याद आहे तुमाले?"

बगीचा आता नवा होणार आहे. लोकांच्या आठवणी गोळा करून फाटकाजवळच्या भिंतीवर रंगवायचं ठरलं. हे काम कोणी अंगावर घेईना, तर या माणसानं ओढून घेतलं. सोमाजीभाऊ माझे शेजारी. जन्मभर मागावर लुगडी विणली. आता डोळे साथ देत नाहीत, म्हणून लोकांची डोकी उसवायला घेतलीत, असं मी म्हणते.

आणि लोक सांगतातही. कोणी कारंज्यात पडलेलं असतं. कोणाच्या मोहाडीच्या पाहुण्यांनी इथेच मुलगी पसंत केलेली असते, आणि तेवढ्यात माकडानं चिवड्याचा पुडा पळवलेला असतो. भाऊ "हो जी, हो जी" करतात, पण कान भलतीकडे. सगळं ऐकून झालं की ठरलेला प्रश्न येतो, "त्या वक्ती झुला खाली होता काय?"

बँकेतल्या मॅडम साताऱ्याकडून नुकत्याच बदलून आल्या आहेत. त्यांनाही सोडलं नाही. त्या गोंधळल्या. "आजोबा, झोपाळा खालीच असणार ना. वर कसा जाईल?"

"तसा खाली नाही जी. रिकामा, रिकामा. कोणी बसून होतं काय?"

मॅडम बिचाऱ्या काय सांगणार? झुला मोडून जमाना झाला. नुसते दोन खांब उरलेत. तरी भाऊ म्हणाले, "याद आली तं सांगजा."

शेवटी एकदा भाऊ आमच्या ओसरीवर येऊन टेकले, तेव्हा मीच वैतागले. "भाऊजी, लोक तुमाले पाहून रस्ता बदलून राहिले. काहून त्या झुल्याच्या मागे लागले?"

भाऊ दुपट्ट्यानं मोबाइल पुसत राहिले. मग म्हणाले, "शांता बसे ना त्याच्यावर, वहिनी."

शांता त्यांची बायको. मी लग्न होऊन इथे यायच्या आधीच ती गेली.

"तिले झुल्याची लय हौस. अन् आमचे बाबा कडक. सून झुल्यावर दिसली असती तं घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून मी फाटकापाशी राखण करो, रस्त्याकडे तोंड करून. बाबा दिसले का खाकराचं. आता पाहा ना, ती झुलताना मी कधी पाहिलीच नाही. हासे का भिवे, कोणालेतरी ठाऊक असन ना?"

माझ्या सगळ्या रागाचं पाणी झालं. चहा टाकायचं निमित्त करून मी आत पळाले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी कोंढ्याहून बाजाराला आलेल्या गिरजाबाईला हाताला धरून मी बगीच्यात नेलं. तरुणपणी ती इथेच झुल्याजवळ फुटाणे विकायची. भाऊंना ती ओळखत नव्हती. भाऊंनी मोबाइल पुढे केला. या वेळी पहिलाच प्रश्न, "झुला खाली होता काय?"

"कायचा खाली!" गिरजाबाई म्हणाली. "एक सून उतरेच ना. पोपटी लुगडं, लाल काठ, अन् काठावर कोयऱ्या उलट्या."

भाऊ एकदम पुढे सरकले. "उलट्याच. माझ्या हातून चुकल्या होत्या. गिऱ्हाइकानं घेतलं नाही, म्हणून तिनंच नेसलं."

गिरजाबाईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती रंगात आली होती. "लय हासे जी. झुला वर गेला का अजून हासे. फाटकात एक येडा बाहेर तोंड करून उभा राहे, त्याले पाहून हासे. मले म्हणे, तो पाहा माझा राखणदार, एकदाही मागं वळून पाहत नाही."

मी तोंडाला पदर लावला. भाऊ मात्र मोठ्यानं हसले, हसता हसता डोळे पुसले. मोबाइल बाकावर ठेवून दिला. मग उठले, फाटकाकडे पाठ केली आणि त्या दोन खांबांकडे तोंड करून बसले.

"हं," म्हणाले, "आता पयल्यापासून सांग."