गुरुवारची बाबागाडी

सिग्नेने सासऱ्याच्या, थॉर्किल्डच्या हाती बाबागाडी दिली खरी, पण दांडीवरचा हात सोडायला तिला जरा वेळच लागला. थॉर्किल्डची बायको मागच्या वर्षी गेली. तेव्हापासून थंडी पडली की हा माणूस खिडकीत मेणबत्ती लावून, पायांत लोकरी मोजे चढवून बसे आणि हिवाळ्यात तब्येतीला हेच बरं असतं असं सगळ्यांना सांगे. तब्येत खरंच ठणठणीत होती, बोलायला तेवढं कोणी नव्हतं. शेवटी त्याच्या मुलाने, रासमुसने, बायकोची, सिग्नेची, मनधरणी केली की दर गुरुवारी तान्ह्या विल्माला आजोबांकडे ठेवू. सिग्ने म्हणाली, आधी एक गुरुवार बघू.

"दुपारची झोप बाहेर, थंडीत. आणि सारखं पांघरूण उचलून बघायचं नाही," तिने बजावलं.

"अगं, तुझ्या नवऱ्याला मी बर्फातच झोपवून वाढवलाय."

"म्हणूनच सांगतेय, आजोबा."

थॉर्किल्डने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. नातीला लोकरीत असं गुंडाळलं की नाकाचा शेंडा तेवढा बाहेर राहिला. बंदराजवळच्या बेकरीच्या खिडकीखाली आणखी गाड्या उभ्या होत्या, त्या रांगेत शेवटी आपली लावली आणि आत जाऊन कॉफी आणि दालचिनीचा पाव घेतला. पोरं बाहेर गारठ्यात झोपतात, मोठी माणसं आत ऊब घेत बसतात. आमच्याकडचा हिवाळा असाच निघतो. दरम्यान बेकरीवालीने बर्फ लोटण्यासाठी गाड्या इकडच्या तिकडे केल्या. थॉर्किल्ड बाहेर आला आणि रांगेतली शेवटची गाडी घेऊन निघाला. गाडी काळी, पांघरूण पांढरं, नाक लाल. शंका घ्यावी असं काही नव्हतं.

वाटेत खिशातलं यंत्र किरकिरू लागलं. त्याचा जोडीचा भाग गाडीत बाळाच्या उशाशी असतो, बाळ रडलं की इकडे ऐकू येतं. बॅटरी उतरली असेल म्हणून घरी पोचल्यावर त्याने ते चार्जिंगला लावलं, गाडी अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली ठेवली आणि मेणबत्त्या पेटवल्या.

सिग्ने अर्थातच ठरल्या वेळेच्या आधी आली. अंगणात गाडीवर वाकून ती बराच वेळ बघत राहिली. थॉर्किल्ड खिडकीआडून जीव मुठीत धरून तिच्याकडे बघत होता. पण आत आली ती अगदी निवळलेली.

"घरी कधी इतकी गाढ झोपत नाही हो ही," ती म्हणाली. "आणि गालांवर रंग काय चढलाय."

तिने जॅकेट काढून ठेवलं. सासू गेल्यापासून या घरात तिने ते पहिल्यांदाच काढलं होतं. कॉफी घेता घेता गुरुवारबरोबर शुक्रवारही जमेल का, असं तिने विचारलं. थॉर्किल्ड नुसताच मेणबत्तीची वात सारखी करत बसला. त्याला फार आनंद झाला होता आणि आनंद झाला की या माणसाची वाचा बसत असे.

तेवढ्यात अंगणातून रडणं ऐकू आलं. आवाज चांगला खणखणीत होता. सिग्ने धावली, बाळाला आत घेऊन आली आणि तिने टोपी काढली. विल्माच्या डोक्यावर अजून धड जावळ नव्हतं. या डोक्यावर लालभडक केसांचं रान माजलं होतं.

सिग्नेने टोपी परत घातली आणि पुन्हा काढली. केस तिथेच होते.

मग गाडी बंदराकडे पळत निघाली. सिग्ने पुढे, थॉर्किल्ड मागे, जॅकेट दोघांच्याही अंगात नाही. हिंदकळून हिंदकळून लाल केसवालं पोर परत झोपलं. बेकरीच्या खिडकीखाली एकच गाडी उरली होती आणि तीत विल्मा निवांत घोरत होती. सिग्नेने टोपी काढून खात्री करून घेतली. काचेपलीकडे एक आजीबाई विणत बसल्या होत्या. मधूनमधून चष्म्यावरून बाहेर बघत, गाडी जागेवर आहे, आत नाक आहे, एवढं पाहून पुन्हा टाके घालत होत्या.

सिग्ने म्हणाली, आपली गाडी घेऊ, त्यांची ठेवू आणि निघू. थॉर्किल्डला ते पटेना. तो आत गेला आणि आजीबाईंना सगळं सांगून त्याने माफी मागितली. आजीबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी विणकाम पिशवीत कोंबलं आणि हलक्या आवाजात एवढंच म्हणाल्या, "हे माझ्या लेकीच्या कानावर जाऊ देऊ नका."

परतीच्या वाटेवर सिग्ने गाडी भराभर ढकलत होती. गुरुवार हातचा गेला हे थॉर्किल्डला कळून चुकलं होतं.

"पोटची पोर, आणि मलाही ओळखता आली नाही," सिग्ने शेवटी म्हणाली. "आजोबा, रासमुसला यातलं काही सांगू नका."

"मी होऊन नाही सांगणार." थॉर्किल्ड म्हणाला. "पण गुरुवार बंद झाला, तर तो कारण विचारेल. आणि पोराशी मी आजवर कधी खोटं बोललेलो नाही."

सिग्नेने गाडी थांबवली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे तिने निरखून पाहिलं. तिथे गारठ्याशिवाय काहीच दिसत नव्हतं.

"गुरुवारी सकाळी आणून सोडते," ती म्हणाली.

"आणि शुक्रवारी?" थॉर्किल्डने विचारलं.