गोदाअक्कांचे रक्तशास्त्र

गोदाअक्का नव्या माणसाला आधी नाव विचारीत नाहीत; त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवतात. पाचोऱ्यातल्या आमच्या गल्लीत नवी सून येवो, भाडेकरू येवो वा गॅसची टाकी आणणारा येवो, या तपासणीतून कोणाची सुटका नाही. लसूण आणि हळदीचा वास असलेली ती खरखरीत बोटे गालावर क्षणभर थांबतात आणि निकाल लागतो, “नाक आजीनं, कान मामाना. आणि हाई चिडकेपण? हाई रगतमाच शे!”

अक्कांच्या मते सारे रक्तातच असते. माझ्या यजमानांचा छत्री विसरण्याचा गुण त्यांनी माझ्या सासऱ्यांकडून आल्याचे जाहीर केले. सासऱ्यांनी जन्मात छत्री वापरली नव्हती, हे मी नम्रपणे सांगितले.

“वापरतीन कशी? पहिलीच इसरी ग्यात ना!”

स्वतःच्या मुलाविषयी तर त्या कोणाला बोलूच देत नसत. सुनीलची चाल बापाची, हसणे बापाचे, जेवण झाल्यावर बोटाने मीठ चाटणेही बापाचेच. पंचाईत एवढीच, की ते बाप ऐन चाळिशीत जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगाला टेकून बसले आणि पुन्हा उठले नाहीत. सुनील आता त्या वयाला टेकला होता. सगळे बापाचे, तर हृदय कोणाचे असणार? त्याने नाडी मोजणारे घड्याळ घेतले. लग्नाच्या पंगतीत लोक जिलबीकडे पाहत, हा मनगटाकडे. शेवभाजी सुटली, हसणे सुटले, दुकानावर चढवायचा मजला अर्ध्यावर थांबला. “कोणासाठी बांधू?” असे तो विटांकडे पाहून विचारी.

यंदा आमच्या तालुक्यात एक पाहणी आली. मधुमेह आणि हृदयविकार घराण्यातून किती येतात आणि राहणीतून किती, हे तिला शोधायचे होते. प्रश्न विचारण्याचे काम मला मिळाले. रक्त यंत्रात घालणार म्हटल्यावर अक्का हसल्या. “यंत्र कशाले? माले इचारा!” तरीही त्यांनी सगळी गल्ली उपाशीपोटी शाळेत आणून बसवली.

वर्गात ओल्या खडूचा आणि स्पिरिटचा वास मिसळला होता. सुनील माझ्यासमोर बसला, शेजारी अक्का.

“वडिलांना हृदयविकार?”

“होता.”

“आईला साखर?”

“आहे.” त्याची नजर मनगटाकडे गेली. “म्हणजे दोन्हीकडून संपलं ना, वहिनी?”

“नही,” अक्का म्हणाल्या. इतक्या हळू बोललेल्या मी त्यांना कधी ऐकल्या नव्हत्या. “तुले काहीच व्हवाव नही. तू मना पोटना नही शे.”

मग त्यांनी सांगितले. नवराबायको सुरतेच्या गिरणीवर होती, तेव्हा शेजारची एक एकटी बाई बाळंतपणात गेली. तिचे बाळ घेऊन दोघे गावी परतली आणि आपलेच म्हणून वाढवले. हे सांगताना त्या मुलाकडे नव्हे, खिडकीबाहेरच्या लिंबाकडे पाहत होत्या. कोणी आपणहून त्याचा चेहरा न्याहाळू नये, म्हणून ही बाई इतकी वर्षे सगळ्यांच्या आधी बोलत आली होती.

सुनीलने मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा सोडला. मग तो म्हणाला, “माय, मंग वरीसभर बिनतेलनी भाजी मी फुकट खादी?”

मला हसू की रडू कळेना. मी पुढच्या प्रश्नाचा आधार घेतला. राहणीचे प्रश्न अजून बाकीच होते.

“लहानपणापासून जेवण कोणाच्या हातचे?”

“हिच्याच. दुसऱ्या कोणाच्या?”

“तेल?”

“तर्री बाजूला केल्याशिवाय भाजी दिसत नाही, वहिनी.”

“गोड?”

“रडलो की गुळाचा खडा. हसलो की दोन.”

“मग सुनीलभाऊ, घड्याळ हातावर राहू द्या. थोडाफार धोका तुम्हाला आईकडूनच आला आहे.”

त्याने मान वळवली. “ऐकं का, माय? तुनाकडूनच उना.”

अक्कांनी खिडकीवरची नजर काढली. डोळे भरले होते. मान मात्र ताठ.

“लिखी ले, बाई,” त्या ठसक्यात म्हणाल्या. “बठ्ठा दोष मना शे.”