मंदाताईंचा उलटा भाव

महाडच्या बाजारात भाव वाढवून घेणारं गिऱ्हाईक एकच, आमच्या शेजारच्या मंदाताई. पाचाडहून आलेली भाजीवाली म्हणाली, "मेथी वीसला जुडी," की ताई डोळे वटारणार. "इतकी कोवळी मेथी आणि वीस? पंचवीस सांग! आपल्या घामाला आपणच हलकं म्हणू नये."

ताई प्रकाशक आहेत. घराची पुढची खोली हीच कचेरी. शिपायापासून मालकापर्यंत सगळं त्याच. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत धोंडूमामा राहतात. त्यांच्याकडून गुराढोरांच्या दुखण्यांवरचे उपाय ऐकून ताईंनी पुस्तक काढलं. छापील प्रती संपल्या, तेव्हा ई-बुक केलं. किंमत दीडशे. एका सकाळी बघतात तर ऑनलाइन दुकानाने ते सेलमध्ये एकोणतीसला लावलेलं!

"मामांची अख्खी हयात एकोणतीसला?" भिंतीपलीकडे माझा चहा हिंदकळला.

दुकानाचा माणूस फोनवर समजावत होता, "मॅडम, किंमत पडली की खप वाढतो."

"आंबा पडला की डागाळतो!" असं सुनावून ताईंनी ई-बुक विक्रीतून काढूनच घेतलं.

मग दोन महिने युद्ध. रोज एक मेल. त्या सांगायच्या, मी टाइप करायचो. प्रत्येक मेल 'सप्रेम नमस्कार'ने सुरू होऊन 'लाज बाळगा'वर संपायचा. शेवटी दुकान नमलं. किंमत प्रकाशकच ठरवणार! ताई एकाच पायात चप्पल घालून माझ्या दारात. "जिंकलो! काढ गाडी! मामांना सांगायचंय!"

मामा गोठ्यापुढे बसले होते. ताईंनी धापा टाकत सगळी लढाई सांगितली.

"म्हंजे गो बाय," मामा म्हणाले, "दोन म्हयने बुक कुणाला गावतच नव्हता?"

"नाही ना! पण जिंकलो!"

"आन् त्या दिसांत कुणाची गाय अडली असंल तर?"

ताई उठल्या, रेंज शोधत बांधावर गेल्या आणि दुकानाला फोन लावला. "किंमत मीच ठरवणार ना? मग लिहा, शून्य."

"मॅडम, आम्ही एकोणतीस तरी लावत होतो हो!"

परत येऊन त्या मामांशेजारी टेकल्या. "मामा, हे पुस्तक तुम्हाला कुणी वाचून दाखवलंय?"

"कोण दाखवनार? पोरां मुंबयला."

"माझ्याही घरी ऐकायला कुणी नाही," ताई म्हणाल्या. पिशवीतून स्वतःची प्रत काढून त्या पहिल्या पानापासून वाचू लागल्या. मामा मान हलवत होते. एका उपायापाशी त्यांनी हात वर केला.

"हा परत वाच गो. माज्या कारभारणीनं शिकवलेला हाय. ती गेली, पन ह्यात हाय."

ताईंनी ते पान पुन्हा वाचलं. मग, कुणी न सांगता, आणखी एकदा.