भोंग्यातून ठकुबाई

स्वरूपची नवी गाडी उत्रोलीत आली, तेव्हा गावाने पहिला प्रश्न विचारला तो एवढाच, "हिचा टप कुठं पडला?"

गाडी लाल, बुटकी आणि दोनच माणसांची होती. बटण दाबलं की छप्पर आपोआप घडी होऊन सीटच्या मागे जाऊन झोपायचं. पुण्यातल्या कुणा हौशी माणसाने कंटाळून काढून टाकलेली ही गाडी शिरवळच्या कारखान्यात इंजिनिअर असलेल्या स्वरूपने त्याहून मोठ्या हौसेने घेतली होती. गावाने ती चहूबाजूंनी पाहिली, खाली वाकून पाहिली, छप्पर पुन्हा पुन्हा उघडझाप करायला लावून पाहिलं. स्वरूपची आई ठकुबाई मात्र एकदाही तिच्यात बसली नाही. "उघड्यावर बसून जायला मी काय कोबीचा गड्डा हाय?" एवढं बोलून ती गोठ्यात निघून गेली.

स्वरूपचं दुखणं निराळंच होतं. छप्पर लावलं की गाडीत गाणं छान ऐकू यायचं, आणि उघडलं की सगळं गाणं वारा घेऊन जायचा. एरवी त्याने सोसलंही असतं. पण येत्या रविवारी वेल्ह्याला प्रेरणाला बघायला जायचं होतं.

बघायला म्हणजे आपलं रीतीपुरतं. गुंजवण्याच्या एका लग्नात त्याने तिला आधीच बघितलं होतं आणि तेव्हापासून त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. मग दोनदा फोनवर बोलणंही झालं. पहिल्या फोनला ती म्हणाली, उघड्या गाडीतून गाणी ऐकत फिरायला काय मजा येत असेल! दुसऱ्या फोनला तिने विचारलं, तोरण्यावर कधी गेलाय का? तोरणा म्हणजे तिच्या परसातला डोंगर, ती ऊठसूट वर जाणारी. स्वरूप म्हणाला, "चारदा." खरं तर तो एकदाच गेला होता, आणि तेही अर्ध्यापर्यंत. पण लग्न करीन तर हिच्याशीच, असं त्याच्या मनाने घेतलं होतं, आणि मनाने घेतलं की भल्याभल्यांची जीभ सैल सुटते. तोरण्याचं आता काही करता येण्यासारखं नव्हतं. गाण्याचं तरी करावं, म्हणून तो भोरला कुंडलिककडे गेला.

कुंडलिकचं 'सिद्धनाथ साउंड' नावाचं दुकान होतं. आसपासच्या निम्म्या ट्रॅक्टरांना वाचा दिली होती ती त्यानेच. भातखाचरात चिखलणी करताना ट्रॅक्टरवरचं गाणं चार बांधांपलीकडे गेलं नाही, तर तो ट्रॅक्टर त्याच्या लेखी मुका. बिनटपाची गाडी मात्र त्याने जन्मात पहिल्यांदाच पाहिली. तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून झाल्यावर त्याने विचारलं, "स्वरूपभाऊ, वारं कुठनं येतं?"

"पुढनं."

"आन गाणं कुठनं वाजतंय?"

"दारातनं. सीटच्या बाजूनं."

"मंग कसं ऐकू यील? आमी डोंगराला मेंढरं राखायचो, तवा हाळी कशी द्यायचो? ज्याला ऐकवायचं त्याच्याकडं वारं जिकडनं जातंय, तिकडं जाऊन हुबं ऱ्हायाचं आन मंग हाक टाकायची. वारं आपसूक कानात नेऊन घालतंय. तुमी आवाज पुढं ठिवा. गाडी पळाली की वारंच गाणं आणून द्यील."

स्वरूप इंजिनिअर होता. यात कुठंतरी काहीतरी चुकतंय असं त्याला वाटलं खरं, पण नेमकं काय ते सापडेना. तोवर कुंडलिकने गाडीच्या पुढच्या जाळीआड दोन भोंगे बसवलेसुद्धा.

"ह्यांची तोंडं पुढं कशाला केली?"

"म्हागं केली तर गाणं इंजान ऐकंल."

मग बेसचे दोन डबे आले. छप्पर घडी होऊन आत गेल्यावर सीटच्या मागे सपाट जागा उरली होती. "कंपनीनं डब्यासाठीच ठिवलीया," असं म्हणून कुंडलिकने ते तिथे नटबोल्टने आवळून टाकले. छप्पर त्यांच्याखाली गाडलं गेलं.

"कुंडलिकभाऊ, आता टप लावायचा कसा?"

"लावायचा?" कुंडलिकने नवलाने त्याच्याकडे पाहिलं. "मंग उघडी गाडी घेतली कशाला?"

शेवटी त्याने सगळं थेट बॅटरीला जोडलं, म्हणजे चावी काढली तरी वाजत राहावं. जत्रेत ते सोयीचं पडतं. स्वरूपचा मोबाईलही त्यालाच जोडला. "फोन आला तरी ह्याच्यातच वाजंल. कानाला लावायची गरज न्हाई." गल्लीत उभ्या गाडीत गाणं लावलं, तेव्हा शेजारच्या हॉटेलातल्या कपबश्या वाजायला लागल्या. स्वरूप खूश झाला. गाडी पळवून बघायचं त्याला सुचलं नाही, आणि कुंडलिकला तर त्याची गरजच वाटली नाही.

रविवारी ठकुबाईची म्हैस व्यायला झाली. म्हशीला सोडून जाणं शक्य नव्हतं, म्हणून हे स्थळ आणणारे बाजीमामाच तेवढे स्वरूपबरोबर निघाले. वाऱ्याच्या भीतीने त्यांनी कानाला मफलर गच्च आवळला होता. नसरापूर मागे पडलं, रस्ता मोकळा मिळाला, तसं स्वरूपने गाणं लावलं. मागच्या डब्यांतून नुसतं धुमधुम सुरू झालं. शब्दाचा पत्ता नाही. त्याने आवाज वाढवला. धुमधुम वाढली. त्याने आवाज पार शेवटपर्यंत नेला.

"सरूप," मामा ओरडले, "म्हागं काय तरी खिळखिळं झालंय बघ!"

"गाणं हाय, मामा!"

"आँ?"

वारा गाणं आणून देईना. पण शेतात वाकलेली माणसं मात्र एकामागून एक उभी राहत होती, कपाळाला हात लावून रस्त्याकडे बघत होती. स्वरूपला बरं वाटलं. गाडी आहेच तशी, असं त्याच्या मनात आलं.

मार्गासनीच्या अलीकडे फोन वाजला. आईचा होता. त्याने बटण दाबलं. गाणं थांबलं आणि मागून आवाज आला, "घुम घुम घुम."

"आई, ऐकू येत न्हाई! मोठ्यानं बोल!"

लांबच्या माणसाशी लांबपर्यंत जाईल एवढ्या आवाजात बोलावं, हा ठकुबाईचा फोनच्या बाबतीत मूळचाच नियम. त्यात लेकाने मोठ्याने बोलायला सांगितलेलं. ती गोठ्यातून अंगणात आली आणि तिने पोटापासून आवाज काढला. मार्गासनीच्या लोकांना लाल गाडीच्या नाकातून एक बाई स्वच्छ बोलताना ऐकू आली. "तोरण्यावर चारदा गेलोय म्हणून सांगितलंयस त्ये ध्येनात ठिव! शाळंच्या सहलीला निम्म्यात रडत बसलावतास, मास्तरांनी पाठीवर घिऊन उतरावलं, त्ये बोलू नगंस!"

"घुम घुम घुम," स्वरूपला ऐकू आलं. "आई, आजून मोठ्यानं!"

पुढच्या वाडीला वेगळाच भाग गेला. "घोरण्याचं आत्ताच काढू नगंस! लगीन झाल्यावर आपसूक कळतंय!" त्याच्या पुढच्या वळणावर, "म्हस आजून व्याली न्हाई, वाट बघतीया! आन त्यांच्या घरात पोह्याची दुसरी बशी मागू नगंस, हावरट दिसतंय!" रस्त्याकडेला मेंढरं घेऊन उभ्या असलेल्या एका धनगराने तर तोंडाशी हात नेऊन उलट हाळी दिली, "सांगतो वो बाई!" स्वरूपने त्याला हात केला.

बाजीमामांनी मफलर जरा सैल केला. "सरूप, ठकीचा आवाज आला रं मला."

"फोनवर हाय ना ती, मामा."

"फोनातनं न्हाई. त्या समोरच्या डोंगराकडनं आला."

"भास आसंल," स्वरूप म्हणाला आणि त्याने नुसतंच "व्हय, व्हय" म्हणून फोन ठेवून दिला.

इकडे खोऱ्यातले फोन तापायला लागले होते. प्रत्येक गावाला ठकुबाईचा एकेकच तुकडा मिळाला होता, आणि अर्धवट ऐकलेलं माणसाला झोपू देत नाही. मार्गासनीला सहल कळली होती, पण घोरणं कळलं नव्हतं. वाडीला घोरणं कळलं होतं, पण कोण घोरतं ते कळेना. "तुमच्याकडं काय ऐकू आलं?" असं एकमेकांना विचारत लोकांनी ती गोष्ट जुळवून घेतली. मग लाल गाडी कुणाकडे निघालीय याचा शोध लागला, आणि प्रेरणाचे वडील रखमाजी यांचा फोन वाजायला लागला. विंझरला राहणारी त्यांची बहीण भागूबाई तर हसून हसून बोलूच शकेना. "दादा, पोह्यांची दुसरी बशी तेवढी तयार ठिवा," एवढंच तिला कसंबसं सांगता आलं.

वेल्ह्याच्या बाजारात शिरताना स्वरूपने गाणं बंद केलं. पाहुण्यांच्या गावात धुमधुम करत जाणं बरं नव्हे. एसटीच्या थांब्याजवळ सखूबाईची चहाची टपरी होती. तिने वाकून गाडीत पाहिलं आणि विचारलं, "म्हस व्याली का वो?"

"न्हाई आजून," स्वरूप म्हणाला. थोडं पुढे गेल्यावर तो दचकला. "मामा, हिला कसं ठावं?"

"तोंडावरनं कळत आसंल," मामा म्हणाले.

पुढच्या दुकानातल्या माणसाने अदबीने चौकशी केली, "मास्तरांची पाठ बरी हाय न्हवं?" स्वरूपने मान हलवली. कोणते मास्तर, कुणाची पाठ, काही उमगेना. माणसं हसत होती, पण ते हसू गाडीला नव्हतं. ती थेट त्याच्या तोंडाकडे बघून हसत होती. का, हे जाणून घ्यायची त्याला एवढी उत्सुकता लागली, की प्रेरणाचं घर आलं तरी तो गाडीतच विचार करत बसला. मामांनी ढोसलं तेव्हा उतरला.

गाडी ओट्यालगतच लावली होती. आत पोहे आले. स्वरूपची बशी संपते न संपते तोच प्रेरणाच्या आईने, फुलाबाईने, न विचारता दुसरी पुढे ठेवली आणि ती घाईने पदर तोंडाला लावून आत पळाली. शेजारच्या ओट्यांवर लसूण सोलायला, धान्य निवडायला, काही न करायला अशी सगळी गल्ली येऊन बसली होती.

प्रेरणा समोर बसली. सरळ त्याच्याकडे बघत तिने विचारलं, "तोरण्यावर चारदा गेला होता म्हणालात ना? कोणत्या बाजूने चढलात?"

"आपली ती... नेहमीचीच," स्वरूप म्हणाला. त्याने पोह्याचा मोठा घास तोंडात कोंबला.

"आणि उतरलात कसे?"

रखमाजींना एकाएकी ठसका लागला. एवढ्यात फोन वाजला. म्हशीचं काही बरंवाईट असेल म्हणून त्याने तो उचलून कानाला लावला. कानात काहीच आलं नाही. आवाज आला तो बाहेरून, ओट्यालगत उभ्या असलेल्या गाडीतून.

"म्हस व्याली रं! रेडी झाली! पोरगी कशी हाय? खरं सांग!"

गल्लीत टाळ्या पडल्या. कुणीतरी "रेडी झाली, रेडी!" म्हणून पुढच्या ओट्याला कळवलं. स्वरूप गाडीकडे बघतच राहिला. कोणते मास्तर, कुणाची पाठ, सखूबाईचा प्रश्न, धनगराची हाळी, सगळं त्याला एकदमच कळलं. जमीन दुभंगावी आणि आपण भोंग्यांसकट आत जावं, असं त्याला वाटलं. हातात फोन तसाच धरून तो प्रेरणाला म्हणाला, "एकदाच गेलोय मी. तेबी निम्म्यापातूर."

"माहीत आहे," प्रेरणा म्हणाली. "मार्गासनीहून फोन आला होता."

बाजीमामा मफलर सावरून उठायच्या बेतात होते. प्रेरणाने हात पुढे करून स्वरूपचा फोन घेतला. "आई, पोरगी बरी आहे," ती म्हणाली.

गाडीतला आवाज खाली आला, म्हणजे अर्ध्या गल्लीपुरता. "कोण बोलतंय?"

"पोरगी."

"आगं बया!" ठकुबाई म्हणाली. मग ती मनातलंच बोलून गेली. "बाय, त्यो तुला थापा मारतोय, मला ठावं हाय. तू त्याला आवडलीस म्हणून मारतोय. माझा हात मोडलावता तवा ह्याच म्हशीची धार त्यानं काढली, त्ये न्हाई सांगायचा. त्याची लाज वाटती त्याला."

"म्हशीने लाथ मारली का?"

"मारली की! बादलीसकट पाडला."

"मग?"

"मंग काय? दुसऱ्या दिशी पुन्हा जाऊन बसला."

प्रेरणाने स्वरूपकडे पाहिलं. तो मान खाली घालून पोह्यातले शेंगदाणे एका बाजूला करत होता. आतापर्यंत दाबून धरलेलं हसू तिच्या तोंडावर आलं, आणि ते त्याला खिजवणारं नव्हतं.

"तोरणा काही लाथ मारत नाही, आई," ती म्हणाली. "तो मी चढवून आणते."

गाडीतून ठकुबाईचा सुस्कारा ऐकू आला. पाठोपाठ तिने विचारलं, "मंग तारीख धराया आमी कवा यावं?"

रखमाजींनी घसा साफ केला, बायकोकडे पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं. त्याच्या आत सगळी गल्ली एका आवाजात ओरडली, "बेस्तरवारी या!"