शांतवनकाका आणि मधली जागा

वर्तकनगरमधल्या आमच्या सोसायटीची लिफ्ट एकदा दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत मी, माझी भाजीची पिशवी आणि शेजारचे शांतवनकाका. मी घामाघूम आणि काका एकदम खुशीत. म्हणाले, "नीट बघून घे. शुद्धिस्थान म्हणतात ते हेच. असली मधली जागा आपल्या सोसायटीत असते, देवाकडे नसते."

काका मूळचे नगरकडचे, प्रोटेस्टंट, आणि स्वभावाने एक घाव दोन तुकडे. चहा प्यायचा तर पूर्ण कप, कटिंग पुढे केलीत तर हात लावणार नाहीत. कुणी "बघतो, जमलं तर येतो" म्हणालं की त्याला परत आमंत्रण नाही. "हो की नाही ते बोला. मध्ये काही नाही," हे ऊठसूट ऐकायचं.

आणि अशा माणसाने लग्न कुणाशी करावं, तर बाळकुमच्या रेजिनाकाकूंशी. पक्क्या कॅथलिक. घ्या आता. काकूंचं म्हणणं, माणूस मेला की लगेच स्वर्गात जात नाही. आधी शुद्धिस्थानात राहून स्वच्छ होतो, आणि आपण इथे प्रार्थना केली, मेणबत्ती लावली की त्याची सुटका लवकर होते. खरकटं भांडं न घासता मांडणीवर ठेवतो का आपण, असं त्या विचारायच्या. काका म्हणायचे, ते भांडं ख्रिस्ताने क्रुसावर एकदाच घासून ठेवलंय, तू परत घासणारी कोण? विश्वास ठेवला, तारण झालं, विषय संपला. रविवारी दोघं आपापल्या चर्चला जायची आणि येताना एकाच रिक्षात बसून हेच भांडत यायची. मी मनातून काकूंच्या बाजूची. पिंडाला कावळा शिवेपर्यंत जीव टांगणीला लावून बसणारी माणसं आम्ही, आम्हाला मधली जागा पटायला कितीसा वेळ लागणार?

दर नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, काकू त्यांच्या चर्चच्या दफनभूमीत जायच्या. ज्यांची माणसं दुसरीकडे कुठे पुरलेली असतात, ते तिथल्या मोठ्या क्रुसाच्या पायाशी मेणबत्ती लावतात. काकू एक मेणबत्ती काकांच्या आईसाठी लावायच्या. ही सासू नगरला पुरलेली, आणि जिवंतपणी सुनेशी कधी धड बोललेली नाही. काका चिडायचे. माझी आई केव्हाच पोचली, तिला तुझ्या मेणबत्तीची गरज नाही, म्हणायचे. काकू सगळं ऐकून घ्यायच्या आणि मेणबत्ती लावायच्याच.

गेल्या उन्हाळ्यात काकू गेल्या. आदल्या दिवशी मी दवाखान्यात गेलेले. त्यांनी काकांचा हात धरून एवढंच मागितलं, की मृतांच्या दिवशी माझ्या कबरीवर मेणबत्ती लाव आणि आईंचीही चुकवू नकोस. काका खिडकीकडे बघत राहिले. जन्मभर दुसऱ्यांकडून हो की नाही वसूल करणारा माणूस, त्या दिवशी ना हो म्हणाला, ना नाही. मला इतका संताप आला की पुढे बरेच दिवस मी त्यांच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत होते.

नोव्हेंबर आला. मृतांच्या दिवशी दुपारी काकांनी आमची बेल वाजवली. हातात मेणबत्त्यांची पिशवी. रिक्षा बोलाव म्हणाले, आणि वाटेत मला काही शिकवू नकोस.

दफनभूमीत वारा होता. काकूंच्या कबरीवरची मेणबत्ती लागली, पण मोठ्या क्रुसाजवळची, आईची, काही केल्या टिकेना. दुखऱ्या गुडघ्यांवर काका खाली बसले आणि दोन्ही हातांचा आडोसा धरला. शेजारच्या एका बाईने मायेने सुचवलं, बाबा, आता प्रार्थना म्हणा.

"मी प्रोटेस्टंट आहे," काका म्हणाले. "मी फक्त वारा अडवतोय."

मेणबत्ती संपेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

परतताना रिक्षात मला राहवेना. मत बदललं का, विचारलं. अजिबात नाही, रेजिना सरळ स्वर्गात गेली, म्हणाले. मग त्या दिवशी दवाखान्यात नुसतं हो म्हणायला काय झालं होतं, मी विचारलंच.

"हो म्हटलं असतं तर ती निश्चिंत झाली असती," काका म्हणाले. "मला वाटलं, उत्तरासाठी तरी थांबेल."

माझा सगळा राग तिथेच विरघळला. काकांना मूलबाळ नाही. त्यांच्या चर्चची दफनभूमी वेगळी, काकूंपासून लांब.

"मी गेल्यावर त्या मोठ्या क्रुसाजवळ माझी पण एक लावत जा," ते म्हणाले. "वर भेटणारच आहोत, त्याची खात्री आहे मला. पण इथे आम्ही दोन टोकांना. तिच्या आसपास माझं काहीतरी असलेलं बरं. हो की नाही ते आत्ता सांग."

"हो," मी म्हटलं. डोळे पुसले आणि विचारलं, "प्रार्थना पण म्हणू का?"

"प्रार्थना नको गं," काका म्हणाले. "तू फक्त वारा अडव."