मोरोपंतांचा उंची धूप

देवमनच्या पानठेल्यावर सौमित्रने सिगार मागितला, तेव्हा सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटणारा देवमनचा हात थांबला. गेल्या अकरा वर्षांत तो हात मतमोजणीच्या दिवशीसुद्धा थांबला नव्हता.

"कोणाले पाह्यजे?"

"मलेच."

"तुले?" देवमनने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लेका, तू विलायची खातानासुद्धा आजूबाजूले पाह्यतं. मोरोपंत महाराजाचा पोरगा तू! महाराज माह्या ठेल्यापुढून जाते तं नाकाले उपरणं लावून जाते."

"हळू बोल ना बे. साहेबासाठी पाह्यजे."

मग सगळी हकीकत बाहेर आली. सौमित्र अकोल्याच्या एका बियाणे कंपनीत नोकरीला होता आणि लग्न झाल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, रोज अमरावतीहून अप-डाउन करत होता. सकाळी सहाला घर सोडायचं, रात्री नऊच्या सुमारास परत यायचं. बायको स्वराली अमरावतीच्या कॉलेजात शिकवायची. नवरा-बायकोचा संसार मुख्यतः फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर चालला होता. 'वरण खालच्या कप्प्यात आहे. तू कसा आहेस?' असं स्वरालीने लिहावं, आणि सौमित्रने खाली 'वरण संपलं, मी बरा आहे' असं उत्तर द्यावं. अशा धावपळीतही देवाची कृपा झाली आणि तिला सातवा महिना लागला. बाळाच्या वेळी तरी आपण घरी असावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

कंपनीच्या अमरावती शाखेत एक जागा रिकामी होती. बदलीचा अर्ज दोन महिन्यांपासून रामराव गावंडे साहेबांच्या टेबलावर पडला होता. साहेब हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते, रोज त्यावर चहाचा कप ठेवत होते. दिवाळीपासून साहेबांचं कशातच लक्ष नव्हतं. हसणं तर त्यांनी सोडूनच दिलं होतं. पण केबिनच्या भिंतीवर त्यांचा बँकॉकचा एक फोटो होता. अंगात कोट, तोंडात सिगार, आणि चेहऱ्यावर असं प्रसन्न हसू की तो माणूस कोणताही अर्ज डोळे मिटून मंजूर करेल. त्या फोटोवरून सौमित्रने आपलं गणित मांडलं.

"साहेबाच्या बंगल्याची वास्तुशांती हाये अकोल्याले. बाबाच पूजा सांगून राहिले," तो देवमनला म्हणाला. "जेवणं झाले का साहेबाले गच्चीवर न्यायचं. एक त्यायले द्यायचा, एक आपण पेटवायचा. दोघं धूर सोडत बसलो का अर्जाचा विषय काढायचा."

"अन् तुले ओढता येते?"

"शिकून राहिलो."

ते खरं होतं. गाडीत बसल्या बसल्या त्याने नवशिक्यांसाठीचे सगळे व्हिडिओ पाहिले होते. पहिल्यांदा सौम्य घ्यावा, बारीक घ्यावा, फार महाग घेऊ नये, अगदी स्वस्तही घेऊ नये. धूर छातीत ओढायचा नाही, तोंडात फिरवून सोडायचा. घरी आरशासमोर शेवग्याच्या शेंगेचा तुकडा दोन बोटांत धरून त्याने सरावही केला होता. स्वरालीने दारातून ते पाहिलं आणि फक्त "शेंग धुतली होतीस का?" एवढंच विचारलं. सातव्या महिन्यात बाई फार प्रश्न विचारत नाही.

देवमनने नागपूरच्या माणसाकडून चार दिवसांत माल मागवला आणि तीन प्रकार पुढे मांडले. "हा हजाराचा, हा साडेतीनशेचा, हा दीडशेचा."

"फरक काय?"

"हजारवाला ओढला तं माणूस साहेब दिसते. दीडशेवाला ओढला तं साहेबाचा ड्रायवर."

"अन् मधला?"

"साहेबाचा जावई."

सौमित्रने मधला घेतला. छोट्या लाकडी पेटीत पाच सिगार होते, प्रत्येकाच्या कमरेला सोनेरी कागदाचं कडं. पेटी उघडून त्याने वास घेतला आणि चकित झाला. न पेटलेल्या सिगारला तंबाखूचा असा वास नव्हताच. मध, चंदनाचं लाकूड आणि जुनी पोथी एकत्र बांधून ठेवल्यासारखा तो वास होता.

"एक ध्यानात ठेव," देवमन म्हणाला. "नागपूरवाला म्हणे याले ओल पाह्यजे. वाळला का फुटते."

"ओल? वैशाखात? अमरावतीत?"

"मी पानायवर दिवसभर ओलं पोतं टाकून राहिलो, तरी दुपारपर्यंत पानाचा पापड होते. तू पाह्य बावा तुह्यं."

घरी आल्यावर सौमित्रने बराच विचार केला आणि पेटी कूलरमध्ये, खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, जाळीमागे अडकवून ठेवली. ओल भरपूर, शंका कोणालाच नाही. पण कूलरचं कामच मुळी वारा फेकायचं. दुपारी जेवून कूलरसमोर आडवे झालेले मोरोपंत एकदम उठून बसले. त्यांचं नाक हवेत फिरू लागलं.

"विमल, या वर्षी खस काय सुरेख मिळाली गं! कुठून आणलीस?"

"दरवर्षीचीच तर आहे," विमलताई म्हणाल्या. "थांबा, पाणी संपलं असेल. टाकी भरते."

सौमित्रने जी उडी मारली ती थेट बादलीपर्यंत. "मी भरतो आई! तू बस!" मुलाने आपण होऊन कूलरमध्ये पाणी भरलं, हे पाहून विमलताईंना भरून आलं. बाप होणार म्हटल्यावर पोरगा सुधारला, असं त्या शेजारी सांगूनही आल्या.

आता पेटी ठेवायची कुठे? आख्ख्या घरात ओल टिकून राहील अशी एकच जागा उरली होती. वैशाख लागला की मोरोपंत देवघरात महादेवाच्या पिंडीवर गळती बांधत. वरच्या तांब्याच्या भोकातून दिवसभर थेंब थेंब पाणी पडे आणि देवघरातल्या फडताळाचा खालचा कप्पा कायम गार आणि ओलसर राही. सौमित्रने पेटी तिथे, कापूर-अष्टगंधाच्या पुड्यांमागे सरकवली. "देवा, दोनच दिवस सांभाळ," असं म्हणून त्याने हात जोडले. देवाने सांभाळली, यात काही वाद नाही.

वास्तुशांतीच्या दिवशी पहाटे साहेबांची गाडी दारात उभी राहिली. सौमित्रने हळूच कप्पा उघडला. पेटी नव्हती. त्याने आईकडे पाहिलं, ती शांतपणे दशम्या बांधत होती. बाबांकडे पाहिलं, ते पूजेची पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसलेसुद्धा होते. विचारणार तरी कोणाला आणि काय? 'बाबा, देवघरात माझे सिगार ठेवले होते' हे वाक्य त्या घरात सात पिढ्यांत कोणी उच्चारलं नव्हतं. तो गुपचूप गाडीत बसला.

बंगल्यात पन्नासेक माणसं जमली होती. रामराव साहेब सोवळं नेसून पाटावर बसले होते, शेजारी सुभद्राबाई. साहेबांच्या उपरण्याची आणि बाईंच्या पदराची गाठ घट्ट मारलेली होती. पुण्याहवाचन झालं, मातृकापूजन झालं. मोरोपंतांनी धुपाटण्यात निखारे घेतले, पिशवीत हात घातला आणि लाकडी पेटी बाहेर काढली.

सौमित्र गर्दीतून वाट काढत पुढे धावला.

"अरे, इतका उंची धूप आणून ठेवलास आणि मला सांगितलं नाहीस?" मोरोपंत कौतुकाने म्हणाले. "काल सामान काढताना सापडला म्हणून बरं. साहेबांच्या घरचं कार्य, अगदी योग्य केलंस."

"बाबा, तो धूप... नंतर..."

"नंतर कशाला? धूपं आघ्रापयामि!"

असं म्हणून त्यांनी एका सिगारचं सोनेरी कडं अलगद काढलं, ते सुपारीच्या गणपतीला बसवलं आणि सिगार निखाऱ्यांवर ठेवला.

आधी बारीक रेघ निघाली. मग जाड, निळसर धूर उठला आणि साहेबांच्या नाकापुढून सावकाश गेला. साहेबांचे मिटलेले डोळे उघडले. धूर डावीकडे वळला तसे साहेब डावीकडे झुकले. धूर आणखी पुढे गेला, साहेबही पुढे गेले, आणि गाठीने बांधलेल्या सुभद्राबाई पाटावरून वीतभर घसरल्या.

"अवो, सरळ बसा ना!"

"महाराज," साहेबांचा आवाज कापत होता, "धूप जरा इकडं सरकवा. मले लय शांत वाटून राहिलं."

"भाव आहे तुमचा," मोरोपंत गहिवरले. धुपाटणं साहेबांसमोर आलं. साहेबांनी असा श्वास घेतला की समोरच्या रांगोळीचा कोपरा उडाला. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. बायकांमध्ये कुजबुज झाली की एवढा मोठा अधिकारी, पण देवाचं किती आहे बघा! मग त्या एकेक उठून आल्या, दोन्ही हातांनी धूर ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावून गेल्या.

"महाराज, अजून एक टाका."

"एका वेळी एकच पुरे, यजमान."

"वास्तुपुरुषासाठी टाका!"

वास्तुपुरुषासाठी दुसरा पडला, नवग्रहांसाठी तिसरा. पूर्णाहुतीपर्यंत पाचही संपले. साहेबांच्या चेहऱ्यावर बँकॉकचं ते हसू जसंच्या तसं उमटलं होतं. सौमित्र खांबाला धरून उभा होता. त्याला फक्त अर्जाच्या चिंध्या दिसत होत्या.

पंगत बसली तेव्हा सुभद्राबाईंनी त्याला कोठीच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटलं.

"धूप कुठून आणला?"

"न-नागपूरहून, काकू. उंची असतो."

"माह्या बापाचं चांदूर रेल्वेले चाळीस वर्षं तंबाखूचं दुकान होतं. मी तंबाखूच्या पोत्यावर बसून बाराखडी शिकली. तू मले धूप सांगून राहिला?"

सौमित्रने हात जोडले आणि सगळं कबूल केलं. बदली, सातवा महिना, फ्रिजवरच्या चिठ्ठ्या, फोटो, गळती, शेवग्याची शेंग, काही म्हणून लपवलं नाही. शेंगेपर्यंत बाईंनी कसाबसा दम धरला होता. मग त्या गव्हाच्या कोठीला टेकून खाली बसल्या आणि पदर तोंडात कोंबून हसत सुटल्या.

"डॉक्टरनं दिवाळीपासून सिगार बंद केले त्यायचे," हसू आवरल्यावर त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, घरात एक दिसला तं माहेरी जाईन. तवापासून माणूस भुतासारखा बसून राह्यते. आज ओढला एकबी नाई, पण हसले. सहा महिन्यांत पहिल्यांदा हसले रे." त्यांनी डोळे पुसले. "आता ऐक. दर पौर्णिमेले सत्यनारायण. महाराज येतीन, एक धूप लावतीन. एकच! अन् गाठ माह्या पदराले. मले समजलं हे त्यायले सांगू नको. बदलीचं मी पाहीन."

पाहावं लागलंच नाही. सौमित्र बाहेर येतो तोच साहेबांनी त्याला जिन्याखाली ओढलं. "सुभद्राले समजलं तं नाई ना?"

"नाही सर."

"शाब्बास! तुहा अर्ज ऑफिसच्या फायलीसंगं गाडीतच हाये, आण." साहेबांनी उभ्या उभ्या सही केली. अर्जावर चहाच्या गोल डागांशेजारी कुंकवाचं बोट उमटलं. "पण दर पौर्णिमेले महाराज आले पाह्यजे. अन् धूप हाच पाह्यजे."

सौमित्र अमरावतीत रुजू झाला. सायंकाळी सहाला तो घरी येऊ लागला, तेव्हा पहिले आठ दिवस स्वराली सवयीने चिठ्ठीच लिहून ठेवायची आणि मग त्याला समोर पाहून लाजायची. अप-डाउन मात्र घरातून हललं नाही. त्या दिवशी धूर डोळ्यांना लावून गेलेल्या बायकांनाही तोच धूप हवा होता. कोणाची उदकशांत, कोणाची सत्यनारायणाची पूजा. बघता बघता मोरोपंत आठवड्यातून तीनदा पहाटेच्या गाडीने अकोल्याला जाऊ लागले, आणि फ्रिजवर आता विमलताईंच्या चिठ्ठ्या दिसू लागल्या.

सौमित्रने त्यांना खरं सांगायचं दहा वेळा ठरवलं. पण मोरोपंत पेटी उघडून एकेक सिगार कानाशी हलकेच दाबून बघत आणि म्हणत, "हा कोरडा आहे, गळतीखाली ठेव. नव्या यजमानाला सौम्यच द्यावा, उग्र झेपत नाही." एवढी जाणकारी पाहिल्यावर कोणाची जीभ उचलेल?

आषाढी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी स्वरालीला दवाखान्यात नेलं. सौमित्र तिच्या उशाशीच होता. मुलगी झाली, तेव्हा तिचा पहिला ट्यँहा त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला आणि तो परिचारिकेसमोरच रडला. आनंदात उद्याच्या धुपाची आठवण कोणाला राहते?

राहिली ती मोरोपंतांना. ते नाकाला उपरणं लावून देवमनच्या ठेल्यापुढे येऊन उभे राहिले. खर्रा घोटणारा हात दुसऱ्यांदा थांबला.

"म-महाराज? तुमी?"

"सौमित्र दवाखान्यात आहे. नात झाली मला! तो धूप तुझ्याकडूनच नेतो ना? फोनवर तुला 'मधला' सांगत असतो, तोच दे."

देवमनने पेटी पुढे केली. मोरोपंतांनी उपरणं बाजूला सारलं, एक सिगार नाकाशी धरला आणि समाधानाने मान डोलावली. मग ठेल्यावरच्या पुड्या, डबे आणि खर्ऱ्याकडे तिरस्काराने पाहत त्यांनी उपरणं पुन्हा नाकाला लावलं.

"देवमन, तुझ्या या सगळ्या घाणीत एवढी एकच वस्तू सोवळ्याची आहे. ही तंबाखूपासून जरा लांब ठेवत जा."