वरच्या मजल्यावरचे भिंगारदिवे

लखनौला बदली झाली आणि विकास नगरच्या भाड्याच्या घरात आम्ही सामान लावत होतो. पहिल्याच सकाळी दाराची घंटा वाजली. उघडलं तर पन्नाशीचे एक उंच, काटकुळे गृहस्थ उभे. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्यांनी नमस्कार वगैरे केला नाही. घंटेचं बटण आणखी दोनदा दाबलं, मान तिरकी करून ऐकलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "डिंग बरोबर आहे. डाँग उतरलाय."

मी काही बोलायच्या आत त्यांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर आणि कानस काढली, घंटेचं झाकण उघडलं, आतली पत्र्याची पट्टी घासली आणि पुन्हा वाजवून पाहिली. मग समाधानाने म्हणाले, "मी वरच्या मजल्यावरचा भिंगारदिवे. रोज जाता-येता ते सहन झालं नसतं."

परगावात पहिला मराठी शेजारी मिळाला तो असा.

दाविद भिंगारदिवे हजरतगंजच्या एका विमा कचेरीत हेडक्लार्क होते, पण ती त्यांची ओळख नव्हे. ते चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. गावात नोकरीला आले तेव्हापासून, वीसेक वर्षं, दर रविवारी. पायाने भाता मारायचा तो जुना ऑर्गन दमेकरी म्हाताऱ्यासारखा धापा टाकायचा आणि भिंगारदिवे त्याला म्हाताऱ्यासारखंच सांभाळायचे. पावसाळ्यात त्याच्या पोटात कापराच्या वड्या ठेवायचे. उंदरांशी तर त्यांचं वैयक्तिक वैर होतं.

लखनौकरांना हा माणूस कळायचा नाही. मराठी म्हणजे गणपती, ईसाई म्हणजे गोवा, एवढा हिशेब त्यांना ठाऊक. "अच्छा, गोवा से हैं?" असं कुणी विचारलं की भिंगारदिवे म्हणत, "नहीं, नगर से." समोरचा म्हणे, "कौन सा नगर? विकास नगर में तो हम भी रहते हैं." हा संवाद मी स्वतः चार वेळा ऐकला आहे. आडनावाचा तर कुणी प्रयत्नच करत नसे. सगळे 'दिवेजी' म्हणत.

त्यांना देवाचं भय नव्हतं, भय होतं बेसुरांचं. "देवाला सगळ्या भाषा कळतात, सबनीस," ते मला सांगत, "पण उतरलेला सूर त्यालाही कळत नाही. तो विचारतो, हा कोण ओरडतोय, आणि दुसरीकडे बघतो." कॉयरमध्ये कुणी चुकलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "प्रभू माफ करील. मी नाही." पाद्रीसाहेबांचं प्रवचन वीस मिनिटांच्या पुढे गेलं की ऑर्गनमधून अगदी हळू एक खर्जातला सूर यायला लागायचा. पाद्रीसाहेब आवाज चढवत. सूरही चढायचा. शेवटी पाद्रीसाहेब "आमेन" म्हणून टाकत आणि लोक आखडलेले पाय झटकत सुटकेने उभे राहत. गावातली सर्वांत आटोपशीर प्रवचनं याच चर्चमध्ये होतात अशी ख्याती होती. त्याचं श्रेय पाद्रीसाहेब बिनदिक्कत घेत.

एकदा भिंगारदिव्यांना टायफॉइड झाला. तीन रविवार त्यांच्या जागी मिस दयाल बसल्या. या निशातगंजला राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. स्वभावाने प्रेमळ, पण डाव्या हाताचं आणि त्यांचं फारसं जमत नसे. भिंगारदिव्यांनी पडल्यापडल्या सगळा वृत्तांत ऐकला आणि म्हणाले, "स्वर्गाचं दार देवाने आतून लावून घेतलं असेल." चर्चमध्ये अशी वाक्यं बायबलपेक्षा वेगाने पसरतात. ते निशातगंजला पोचलं. पुढची सहा वर्षं मिस दयाल त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

घरात मात्र हा कडक माणूस विरघळलेला असायचा. मार्थावहिनी शाळेत शिकवायच्या, सकाळी लवकर जायच्या. त्यामुळे एकुलत्या एका रूथच्या वेण्या लहानपणापासून हेच घालायचे. तिच्या युनिफॉर्मच्या रिबिनींना इस्त्री करायचे. रविवारी मटण करायचे तेव्हा मसाला परतता परतता तिच्याशी मराठीत बोलायचे आणि ती हिंदीत उत्तरं द्यायची. "अगं, एक वाक्य तरी मराठीत बोल," असं म्हटलं की ती म्हणायची, "पापा, समझ तो गए ना आप?" यावर ते पुन्हा मसाला परतायला लागायचे.

रूथचं लग्न ठरलं, जबलपूरच्या मुलाशी. मुलगा औषध कंपनीत, चांगला. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग एक दिवस भिंगारदिव्यांच्या लक्षात आलं की नवरीला हाताला धरून वेदीपर्यंत बापाने न्यायचं असतं, आणि त्या वेळी ऑर्गन वाजत असतो.

ऑर्गन वाजवू शकणारी माणसं चर्चमध्ये तीन. एक ते स्वतः. दुसरी गेल्या काही वर्षांत त्यांनी शिकवलेली रूथ, ती नवरी. तिसऱ्या मिस दयाल.

दोन दिवस ते आमच्या जिन्यात येरझाऱ्या घालत होते. मग त्यांनी निर्णय जाहीर केला: ऑर्गन तेच वाजवणार, रूथला तिचा मामा नेईल, नगरहून येतोच आहे. रूथ तेव्हा आमच्याकडे माझ्या बायकोबरोबर ब्लाउजचं माप बघत बसली होती. तिने मान वरसुद्धा केली नाही. म्हणाली, "पापा, चलूँगी तो आपके साथ. नहीं तो शादी कोर्ट में कर लेंगे. वहाँ ऑर्गन होता ही नहीं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंगारदिवे खाली आले. हातात पेरूंची पिशवी. "सबनीस, स्कूटर काढा. निशातगंजला जायचंय."

मिस दयाल दारातच उभ्या राहिल्या. आत या म्हणाल्या नाहीत.

"कहिए."

"रूथ की शादी है."

"कार्ड मिल गया है."

भिंगारदिव्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "उस दिन ऑर्गन..." आणि तिथेच अडकले.

"सुना है मैं बजाती हूँ तो स्वर्ग का दरवाज़ा अंदर से बंद हो जाता है," मिस दयाल शांतपणे म्हणाल्या.

दुसरा कुणीही म्हणाला असता, छे छे, लोक काहीही सांगतात. भिंगारदिवे म्हणाले, "जी. मैंने ही कहा था."

मी स्कूटर चालू करायच्या बेतात होतो.

"तो माफ़ी माँगने आए हैं, या बजवाने?"

"बजवाने," ते म्हणाले. मग पेरूंची पिशवी पुढे करून म्हणाले, "माफ़ी भी, अगर उसके बिना न बजता हो तो."

मिस दयाल एवढ्या हसल्या की त्यांना दाराची चौकट धरावी लागली. मग आम्हाला आत घेतलं, चहा दिला आणि भिंगारदिव्यांनी आणलेल्यातले चार पेरू चिरून मीठ-मिरची लावून समोर ठेवले. निघताना म्हणाल्या, "बजा दूँगी, दिवेजी. एक शर्त है. चलते वक़्त आप मेरी तरफ़ देखेंगे नहीं."

लग्नाच्या दिवशी रूथपेक्षा जास्त लोक भिंगारदिव्यांकडे बघत होते. मिस दयालनी सुरुवात केली आणि तिसऱ्याच सुरावर घसरल्या. अख्ख्या चर्चने श्वास रोखला. भिंगारदिव्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. समोर बघत, रूथचा हात आपल्या कोपरात घट्ट धरून ते चालत राहिले. इतके हळू की अर्ध्या वाटेतच संगीत संपलं. मिस दयालनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. तेही संपत आलं तरी हे दोघे वेदीपासून चार बाकं लांबच. माझ्या मागे कुणीतरी कुजबुजलं, "दिवेजी रास्ता भूल गए क्या?" नवरा मुलगा बिचारा घामाने निथळत होता.

शेवटी पोचले. आता मुलीचा हात नवऱ्याच्या हातात द्यायचा. भिंगारदिवे नुसते उभे. पाद्रीसाहेबांनी खूण केली. मग वाकून म्हणाले, "दिवेजी, हाथ." आणि आणखी थोड्या वेळाने, "दिवेजी, हाथ छोड़िए."

संध्याकाळी जेवणाच्या पंगतीत मला राहवलं नाही. विचारलं, "भिंगारदिवेसाहेब, खरं सांगा, मिस दयालनी एकूण किती चुका केल्या?"

त्यांनी माझ्याकडे गोंधळून पाहिलं. "वाजवत होत्या?"

रूथ जबलपूरला गेली. आमच्याकडे तोवर फोन आला होता. दर रविवारी चर्चमधून आल्यावर भिंगारदिवे खाली यायचे, स्टुलावर बसायचे, नंबर फिरवायला मला सांगायचे आणि डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकायचे. बोलणं तीन मिनिटांचं. आज काय केलंस, पाणी किती वाजता येतं, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत. बरी आहेस का, असं त्यांनी कधीही विचारलं नाही.

एका रविवारी याच तीन प्रश्नांनंतर त्यांनी फोन ठेवला आणि तसेच बसून राहिले. माझ्या बायकोने चहा आणला, तो घेतला नाही.

"काय म्हणाली रूथ?" मी विचारलं.

"सब ठीक है म्हणाली." ते उठले. "सबनीस, जबलपूरची गाडी किती वाजता आहे?"

त्याच दिवशी ते गेले. पुढचे दोन रविवार मिस दयालनी ऑर्गन वाजवला आणि पाद्रीसाहेबांनी पाऊण-पाऊण तास प्रवचन करून सगळी जुनी थकबाकी वसूल केली. भिंगारदिवे परत आले तेव्हा मी विचारलं, काय झालं होतं. "काही नाही," ते म्हणाले, "जबलपूरचं पाणी जड आहे." आणि जिना चढून गेले.

काय झालं होतं ते मला पुढे काही वर्षांनी कळलं. भिंगारदिवे रिटायर झाल्यावर सहा महिन्यांतच गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. सगळं आटोपल्यावर रूथ मार्थावहिनींना घेऊन जायला आली होती. आमच्याकडे चहाला बसली तेव्हा तिने आपणहून सांगितलं. त्या आठवड्यात तिचं मूल गेलं होतं, पोटातलंच, तिसऱ्या महिन्यात. नवरा दौऱ्यावर होता, सासूबाई गुडघ्यांमुळे जागच्या हलत नव्हत्या. आईला उगीच घोर नको म्हणून तिने इकडे कुणालाच कळवलं नव्हतं.

"सोमवार की सुबह दरवाज़ा खोला तो पापा खड़े थे, छाता लेकर," ती म्हणाली. "अंकल, उन्होंने कुछ पूछा ही नहीं. बोले, तुझा नळ गळतोय. और नल ठीक करने बैठ गए. फिर खिचड़ी बनाई. मेरे कपड़े धोए. मेरी चोटी की."

"आणि तू?"

"चौथे दिन उनके सामने रो पड़ी."

"मग काय म्हणाले?"

"वो भी रोने लगे." तिने कप खाली ठेवला. मग थोडी हसली आणि मी तिच्या तोंडून कधी न ऐकलेल्या मराठीत म्हणाली, "काका, पापा फार बेसूर रडायचे."